मिरासदार की उपरी? : हातातील फोनच्या मालकीचा इतिहास

मराठेशाहीच्या महसुली कागदपत्रांत जमीन कसणाऱ्यांचे दोन ठळक वर्ग आढळतात : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरीत असेतोवर त्याला तिच्यावरून उठविणे सोपे नसे, आणि ती गहाण टाकण्याचा वा विकण्याचा हक्कही त्याच्याकडे असे. उपरी हा बहुधा बाहेरगावाहून आलेला, कौलाने जमीन कसणारा. दोघांचा नांगर सारखा आणि घामही सारखाच. परंतु विहीर खणावी की न खणावी, बांधावर आंबा लावावा की न लावावा, असा प्रश्न पडला की दोघांतले अंतर उघड होई. उपऱ्याला पुढल्या सालच्या कौलाचा विचार करावा लागे.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो स्मार्टफोन असतो त्याची पूर्ण किंमत आपण मोजलेली असते आणि पावतीवर नाव आपलेच असते. त्या अर्थाने आपण त्याचे मिरासदार. परंतु त्या यंत्रात कोणती कार्यप्रणाली चालावी, कोणते ॲप बसवता यावे, कारखान्याने आत घालून दिलेले नको असलेले ॲप काढून टाकता यावे की नाही, हे कोण ठरवते असे विचारले, तर उत्तर बहुधा आपल्या नावाचे नसते. उत्पादक म्हणतात, ही बंधने तुमच्याच सुरक्षेसाठी आहेत. त्यात तथ्य आहे. यंत्र खोलून पाहू इच्छिणारे म्हणतात, वस्तू आमची आहे, तिच्यात फेरबदल करण्याचे स्वातंत्र्य आम्हांला हवे. त्यातही तथ्य आहे. दोन्ही बाजूंना तथ्य असलेल्या वादाचा निवाडा तत्त्वाने होत नाही. तो वाद कोणत्या वाटेने येथवर आला हे पाहावे लागते. प्रस्तुत लेखात ती वाट थोडक्यात तपासण्याचा आमचा विचार आहे.

वादाची मुळे स्मार्टफोनहून बरीच जुनी आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील दूरध्वनी-व्यवसाय जवळजवळ संपूर्णपणे एटी अँड टी या एका कंपनीच्या हाती होता. घरात भिंतीवर टांगलेले यंत्र हे ग्राहकाचे नव्हे, कंपनीचे असे. ग्राहक त्याचे भाडे भरी. आपल्याकडेही डाक-तार खात्याच्या काळात बैठकीच्या खोलीतले ते जड काळे यंत्र खात्याचेच असे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. अमेरिकेत तर कंपनीने न पुरविलेली कोणतीही वस्तू यंत्राला जोडण्यास मनाई होती. 'हश-ए-फोन' नावाची एक साधी वाटीवजा वस्तू बाजारात होती. ती बोलण्याच्या तोंडावर बसवली की बोलणाऱ्याचे शब्द शेजाऱ्याला ऐकू जात नसत. तिला तारा नव्हत्या, तिच्यात वीज खेळत नव्हती. तरीही कंपनीने तिला हरकत घेतली आणि सरकारी दळणवळण आयोगाने १९५५ मध्ये कंपनीची बाजू उचलून धरली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. सार्वजनिक व्यवस्थेला बाध येत नसेल, तर ग्राहकाला आपला दूरध्वनी आपल्या सोयीने वापरण्याचा अधिकार आहे, असा त्या निवाड्याचा आशय होता.

पुढचे पाऊल टेक्सासमधील टॉमस कार्टर यांनी उचलले. तेलविहिरींवर किंवा दूरच्या गोठ्यांवर काम करणाऱ्यांकडे बिनतारी संच असत, पण त्यांवरून दूरध्वनीवरल्या माणसाशी बोलता येत नसे. कार्टर यांनी 'कार्टरफोन' नावाचे एक उपकरण केले. दूरध्वनीचा हातातला भाग त्याच्या खोबणीत ठेवला की ध्वनीच्या द्वारे दोन्ही यंत्रे जोडली जात. येथेही विजेची जोडणी नव्हती. कंपनीचा युक्तिवाद मात्र तोच : परके उपकरण जोडल्यास सगळ्या जाळ्याला धोका पोहोचेल. १९६८ मध्ये आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला. जाळ्याला अपाय न करणारे कोणतेही उपकरण ग्राहकाला जोडता येईल, आणि अपाय होतो असे म्हणणाऱ्या कंपनीने तो दाखवून द्यावा, असे त्या निर्णयाने प्रस्थापित झाले.

या निकालानंतर जे घडले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. कंपनीने आधी असा पवित्रा घेतला की, परके उपकरण जोडायचे असेल तर मध्ये आमचेच संरक्षक यंत्र भाड्याने घ्या. अखेर १९७० च्या दशकाच्या मध्यास आयोगाने तांत्रिक मानके ठरवून दिली. त्या मानकांत बसणाऱ्या उपकरणाची नोंदणी करायची आणि मग ते कोणीही कोठेही जोडायचे. घराघरांतील दूरध्वनीच्या तारेच्या टोकाशी असणारा तो छोटा पारदर्शक प्लग याच नोंदणीपद्धतीचे अपत्य होय. पुढे निरोप टिपून ठेवणारी यंत्रे, फॅक्स आणि मोडेम याच खोबणीत बसले, आणि इंटरनेट सामान्यांच्या घरात प्रथम शिरले ते या मोडेमवाटे. जाळे काही कोसळले नाही. धोक्याची भीती सर्वस्वी खोटी होती असे नव्हे. परंतु तिच्यावरचा उपाय बंदी हा नव्हता, मानक हा होता.

दूरध्वनीचे यंत्र असे मोकळे होत असतानाच संगणक घरात आला, आणि तो जन्मतःच मोकळा होता. १९८१ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाचे झाकण उघडून त्यात नवे कार्ड बसवता येत असे, आणि त्यावर कोणती कार्यप्रणाली चालवावी हे विकत घेणाराच ठरवी. त्या काळात संगणक शिकलेल्या पिढीला ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटे की, तिला अधिकार म्हणावे असे कोणाच्या मनातही आले नाही. तिला अधिकार असे नाव देणारा पहिला मोठा आवाज रिचर्ड स्टॉलमन यांचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेतील या प्रोग्रॅमरने १९८३ मध्ये 'ग्नू' या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली आणि पुढे जीपीएल हा परवाना रचला. प्रोग्रॅम वापरणाऱ्याला तो वाचता यावा, बदलता यावा आणि बदललेला प्रोग्रॅम इतरांना देता यावा, हे त्या परवान्याचे सूत्र. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेला लिनक्सचा गाभा लवकरच याच परवान्याखाली आला.

या सूत्रातील एक फट १९९९ मध्ये आलेल्या 'टिवो' नावाच्या यंत्राने उघडी पाडली. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित-चित्रमुद्रित करणाऱ्या या पेटीत लिनक्स होते आणि परवान्याप्रमाणे त्याची संहिता कंपनी देतही असे. परंतु तीत बदल करून ती पुन्हा पेटीत घातली की पेटी ती चालवण्यास नकार देई. कारण कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेलाच प्रोग्रॅम चालवायचा, अशी तिच्या यंत्रभागात योजना होती. वाचण्याचे स्वातंत्र्य दिले, बदलण्याचेही दिले, पण बदललेले चालवण्याचे मात्र काढून घेतले! स्टॉलमन यांनी ही फट बुजवण्यासाठी परवान्याची तिसरी आवृत्ती सिद्ध केली. टोरवाल्ड्स यांना ते पटले नाही. यंत्र कसे बांधावे हे सांगणे परवान्याचे काम नव्हे, अशी त्यांची भूमिका होती, आणि लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला. पुढे अँड्रॉइड याच गाभ्यावर उभे राहिल्यामुळे या मतभेदाचे पडसाद आज आपल्या हातातील फोनपर्यंत पोहोचले आहेत.

जीपीएलची ती तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली २९ जून २००७ रोजी. त्याच दिवशी अमेरिकेत ॲपलचा पहिला आयफोन विक्रीला आला. इतिहासात असे योगायोग क्वचितच सापडतात. एकीकडे मालकाच्या हाती किल्ली असावी असे सांगणारा कागद, आणि दुसरीकडे किल्लीच न देणारे अत्यंत देखणे यंत्र. जगाने कशाकडे धाव घेतली हे सांगावयास नकोच.

पहिल्या आयफोनवर बाहेरच्या कोणाचेही ॲप बसवता येत नसे, आणि अमेरिकेत तो एकाच कंपनीच्या जाळ्यावर चाले. ती कंपनी पुन्हा एटी अँड टी याच नावाची! ऑगस्ट २००७ मध्ये जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने फोन खोलून तो इतर जाळ्यांवर चालवून दाखवला. त्याच सुमारास काही मंडळींनी कार्यप्रणालीतील दोष शोधून तिची बंधने तोडली आणि स्वतःचे प्रोग्रॅम बसवण्यास आरंभ केला. या उद्योगाला 'जेलब्रेक', म्हणजे तुरुंग फोडणे, असे नाव पडले. ॲपलचे अधिकृत ॲप-दुकान जुलै २००८ मध्ये उघडले; म्हणजे आयफोनवरील पहिली बाहेरची ॲपे कायदेशीर दुकानातून नव्हे, तर फोडलेल्या भिंतीतून आली. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोयही अधिकृतपणे २००९ साली मिळाली.

या उद्योगावर कायद्याची टांगती तलवार होती. १९९८ च्या अमेरिकी डिजिटल कॉपीराइट कायद्याने तांत्रिक कुलूप मोडण्यालाच बंदी घातली होती. मात्र दर तीन वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसने सवलतींचा विचार करावा, अशी तीत तरतूद होती. जेलब्रेकला सवलत मिळावी असा अर्ज आला तेव्हा २००९ मध्ये ॲपलने विरोध नोंदवला. बंधने तोडलेल्या फोनद्वारे कोणी भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांवर हल्ला करून जाळे बंद पाडू शकेल, असा त्यातील एक मुद्दा होता. कार्टर यांच्या खोबणीविरुद्ध जो युक्तिवाद झाला, तोच चाळीस वर्षांनी नव्या वेषात पुन्हा उभा राहिला असे म्हणावयास हरकत नाही. जुलै २०१० मध्ये सवलत मंजूर झाली. फोन दुसऱ्या जाळ्यावर नेण्यासाठी त्याचे कुलूप काढण्याची वेगळी सवलत मात्र २०१२ च्या निर्णयाने नव्या फोनांपुरती काढून घेण्यात आली. त्याविरुद्ध लाखाहून अधिक नागरिकांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे निवेदन केले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ती सवलत कायद्याने परत मिळाली.

भारतात हा प्रश्न निराळ्या रूपात आला. २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांच्या आरंभिक रकमेवर फोन देऊ केला, तेव्हा पहिल्यांदाच अनेक घरांत भ्रमणध्वनी शिरला. त्या यंत्रात सिमकार्ड नसे आणि ते त्याच कंपनीच्या जाळ्याला बांधलेले असे. पुढे सिमकार्डाचे फोन सर्वत्र रुळले आणि ही गाठ आपोआप सुटली. कायद्याच्या बाबतीत आपण अमेरिकेहून थोडे सुदैवी. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात जे कलम ६५-अ आले, ते तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याच्या हेतूकडे पाहते. हक्कभंगाच्या उद्देशाने कुलूप तोडणे हा गुन्हा आहे. केवळ तोडणे हा नव्हे.

आता अँड्रॉइडकडे वळू, कारण आपल्या देशातील बहुसंख्य फोन त्याच कार्यप्रणालीचे आहेत. तिचा पहिला फोन ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत आला. युनिक्सच्या परंपरेत सर्वाधिकारी वापरकर्त्याला 'रूट' म्हणतात आणि सामान्य ग्राहकाला तो अधिकार दिलेला नसतो. या पहिल्या फोनमध्ये मात्र एक मौजेचा दोष राहून गेला होता. कळफलकावर जे काही टंकावे ते पडद्यामागे सर्वाधिकारी आज्ञा म्हणूनही चालवले जाई. 'रीबूट' एवढा शब्द स्वतंत्र ओळीत लिहिला की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. हा दोष लगोलग दुरुस्त झाला, पण तेवढ्यात जिज्ञासूंनी आपले काम साधले होते. २०१० मधील नेक्सस वन या फोनपासून गूगलने एक प्रामाणिक वाट ठेवली. फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, आणि पुढची प्रणाली आत घ्यावी की नाही हे पाहणारा जो प्रोग्रॅम, त्याला बूटलोडर म्हणतात. त्याचे कुलूप मालकाला एका आज्ञेने काढता येई. मात्र धोक्याची सूचना आधी दिली जाई. स्टीव्ह काँडिक यांनी सुरू केलेली सायनोजेनमॉड ही पर्यायी प्रणाली अशाच मोकळ्या फोनांवर वाढली, आणि २०१६ च्या अखेरीस ती थांबल्यावर तिचा वारसा लिनेजओएसने चालवला. कंपनीने ज्यांची अद्ययावत दुरुस्ती कधीच थांबवली होती, अशा कित्येक फोनांना या प्रणालींनी आणखी काही वर्षांचे आयुष्य दिले.

या इतिहासातील एक पान खास आपले आहे, आणि ते फारसे लिहिले गेलेले नाही. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीची सोय नव्हती. काही उत्पादकांनी आपापल्या फोनपुरती ती केली, पण इतरत्र मराठी मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. कोणी ऑपेरा मिनी या न्याहाळकातील एक आडबाजूची मांडणी बदलून अक्षरांची चित्रे मागवी आणि वेळ निभावून नेई. पण आलेला मराठी निरोप वाचायचा, तर प्रणालीच्या फाँटांच्या कप्प्यात देवनागरी फाँट ठेवणे भाग होते, आणि तो कप्पा मालकाला बंद होता. तेव्हा अनेकांनी फोन रूट केले ते कसल्या साहसासाठी नव्हे; आईने पाठवलेला निरोप वाचता यावा म्हणून! तेवढ्यानेही काम पुरते होत नसे. फाँट बसला तरी अक्षरजुळणीची यंत्रणाच नसल्याने ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला लागे आणि जोडाक्षरे पाय मोडून पडत. तरी चौकटींपेक्षा मोडकी अक्षरे बरी. पुढे चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीची सोय प्रणालीतच आली आणि ही खटपट विस्मरणात गेली. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी मात्र ती विसरू नये. कंपनीच्या हिशेबात आपली लिपी यायची होती, त्या मधल्या काळात ती वाचता आली ती मालकाने स्वतः दार उघडल्यामुळे.

येथवर वाचून कुलूप म्हणजे केवळ कंपनीचा स्वार्थ, असा कोणाचा समज झाला तर तो दूर करणे आमचे कर्तव्य आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये जेलब्रेक केलेल्या आयफोनांवर एक संगणकीय किडा पसरला. पुष्कळांनी बाहेरून प्रवेश देणारा प्रोग्रॅम बसवला होता, पण त्याचा सर्वांना ठाऊक असलेला मूळ परवलीचा शब्द बदलला नव्हता. पहिला किडा पडद्यावरचे चित्र बदलण्यावर थांबला. त्यामागून आलेला दुसरा नेदरलँड्समधील बँक-ग्राहकांच्या मागे लागला. २०१५ मध्ये 'कीरेडर' नावाच्या प्रोग्रॅमने अशाच फोनांतून सव्वादोन लाख ॲपल-खात्यांची माहिती चोरल्याचे उघड झाले. आपल्याकडे तर लग्नपत्रिका, वीजबिल किंवा बँकेची सूचना अशा मिषाने व्हॉट्सॲपवर ॲपची फाईल पाठवायची आणि ती बसवणाऱ्याचे खाते रिकामे करायचे, हा धंदाच झाला आहे. असल्या फसवणुकीत आयुष्याची पुंजी गमावलेल्या निवृत्त माणसापुढे फेरबदलाच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणे, हा निर्दयपणा ठरेल.

शिवाय कुलपाच्या आड येणारी आणखी एक गोष्ट आहे. २०१६ मध्ये सिटिझन लॅब आणि लुकआउट यांनी 'पेगासस' या हेरप्रणालीचे कार्य उघड केले. एका दुव्यावर बोट लागताच ती आयफोनमध्ये तीन अज्ञात दोषांच्या साहाय्याने शिरे, आणि शिरताना मालकाच्या नकळत फोन जेलब्रेकच करी. म्हणजे हौशी माणूस ज्या भगदाडातून स्वतःच्या घरात शिरतो, त्याच भगदाडातून हेरही शिरतो. म्हणूनच फोन सुरू होताना प्रत्येक पायरीवर पुढच्या प्रोग्रॅमची स्वाक्षरी तपासण्याची पद्धत आली. अँड्रॉइडमध्ये ती २०१३ पासून टप्प्याटप्प्याने रुजली आणि २०१६ मधील सातव्या आवृत्तीपासून कडक झाली. कोणी चोरून आत काही घातले असेल, तर फोन ते ओळखतो. हे मोठेच काम आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष दुहेरी आहे, हे ध्यानात घ्यावे. भगदाड बुजवलेच पाहिजे. मात्र मालकाला दाराची किल्ली दिली नाही तर तो भगदाडच शोधत राहणार, आणि सापडलेले भगदाड उघड न करता जपून ठेवण्यातच त्याचा लाभ राहणार. किल्ली नाकारणे हे सुरक्षेच्याही हिताचे नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत या वादाने एक नवे वळण घेतले आहे. पूर्वी कुलूप फोनवर असे. ते काढले तर परिणाम भोगणे आपल्यापुरते असे. आता फोनने बाहेरच्यांपाशी साक्ष द्यावी लागते. आधी सेफ्टीनेट आणि नंतर प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या सेवा ॲपला सांगतात की, या फोनची प्रणाली मूळ आहे किंवा बदललेली आहे. पोकेमॉन गो हा खेळ २०१६ मध्ये रूट केलेल्या फोनांवर चालेनासा झाला. २०१७ मध्ये अशा फोनांना प्ले स्टोअरमधून नेटफ्लिक्स मिळेनासे झाले. आणि आज अनेक बँकांची व पैसे देण्याघेण्याची ॲपे तेच करतात. खेळ नसला तर चालते. पण २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचलेली असताना ते ॲप न चालणारा फोन हा व्यवहारात अर्धा फोन ठरतो. कायद्याने मना नाही, उत्पादकाने वाट ठेवली आहे, तरी त्या वाटेने गेलेल्यास गावात पाणी मिळत नाही, अशी ही स्थिती.

त्यातील विसंगती अशी की, ही साक्ष फोन सुरक्षित आहे की नाही याची नसून तो मान्यताप्राप्त आहे की नाही याची असते. वर्षानुवर्षे सुरक्षेची एकही दुरुस्ती न मिळालेला जुना फोन केवळ मूळ स्थितीत आहे म्हणून बहुधा नेहमीच्या तपासणीत उत्तीर्ण होतो. उलट ग्राफीनओएससारखी सुरक्षेसाठीच घडवलेली, वेळच्या वेळी दुरुस्त होणारी प्रणाली मूळ नाही म्हणून अनेक ॲपांकडून नाकारली जाते. येथे सुरक्षा आणि मान्यता या दोन भिन्न गोष्टी एकाच नावाखाली वावरत आहेत, आणि त्यांची फारकत करणे हे आजच्या वादातील मुख्य काम आहे असे आमचे मत आहे.

सरकारे आणि न्यायासने या प्रश्नात चाचपडत का होईना, पण उतरली आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि अधिकृत दुकानाबाहेरून ॲप बसवण्यावर निर्बंध घालू नयेत असाही निर्देश दिला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. हा निर्देश त्यांपैकी एक. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासंबंधी एक संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे ॲपलला मार्च २०२४ पासून तेथे इतरांच्या ॲप-दुकानांना वाट द्यावी लागली. तर ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने उलट दिशेचे पाऊल जाहीर केले : ज्यांच्या कर्त्याची ओळख कंपनीकडे पटवलेली आहे अशीच ॲपे मान्यताप्राप्त अँड्रॉइड फोनांवर बसवता येतील, आणि सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथे याचा आरंभ होईल. विरोध झाल्यावर नोव्हेंबरात तिने जाणत्या वापरकर्त्यांसाठी धोका पत्करून पुढे जाण्याची एक वाट ठेवण्याचे सांगितले. कारण दिले गेले ते फसवणुकीचे, आणि ते खोटे नाही. प्रश्न इतकाच की, सर्व कर्त्यांची वही एकाच खासगी कंपनीकडे असावी काय?

दूरध्वनीच्या इतिहासाने या प्रश्नाचे अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. तेथे आयोगाने कंपनीला पहारा काढायला सांगितले नाही. पहाऱ्याचे नियम लिहून काढायला लावले, आणि त्यात बसणाऱ्या प्रत्येकाला आत येऊ दिले. फोनच्या बाबतीतही तसे करता येणे अशक्य नाही. कुलूप मुळात लावलेले असावे, कारण बहुसंख्यांना त्याचीच गरज आहे. ते काढताना आतील सर्व माहिती पुसली जावी, म्हणजे चोराच्या हाती काही लागू नये. आणि काढलेल्या अवस्थेत प्रत्येक वेळी पडद्यावर स्पष्ट सूचना यावी. ही व्यवस्था काल्पनिक नाही. गूगलच्याच पिक्सेल फोनांत ती आहे, आणि दुसरी प्रणाली बसवल्यावर तिच्या किल्लीने कुलूप पुन्हा लावण्याची सोयही त्यांत आहे. राहिला प्रश्न बँकांचा. त्यांनी साक्ष जरूर मागावी. पण ती लिहिलेल्या मानकांची असावी, एका कंपनीच्या शिक्क्याची नसावी. फोन विकत घेताना बूटलोडर उघडता येतो की नाही आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारण्याची सवय आपणही लावून घ्यावी. त्यातील एकाही सोयीचा उपयोग आपल्याला करायचा नसला तरी!

कारण या अधिकाराचा उपयोग नेहमी थोडेच करतात आणि लाभ पुष्कळांना होतो. कार्टर यांचे उपकरण काही हजारांनीच घेतले, पण मोडेम त्यांच्याच वाटेने घरोघर गेला. फोनमध्ये देवनागरी स्वतः घालून घेणारेही मूठभरच होते. आज देवनागरी सर्वत्र दिसते म्हणून काम संपले असे समजू नये. मोडी वाचू इच्छिणारा अभ्यासक, आपल्या बोलीचा कळफलक करणारा कोकणी वा अहिराणी तरुण, जुन्या फोनवर गावच्या ग्रंथालयाचे ॲप चालवू पाहणारा ग्रंथपाल, यांची संख्या कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात कधीच मोठी दिसणार नाही. मोठ्या भाषांची गरज बाजार भागवतो. लहान समाजाला आपली विहीर आपणच खणावी लागते. जमीन आपली असेल तरच ती खणता येते.